फ्रिस्कोला फेरी रद्द

ते टायर मी पास केले होते, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणीतरी विचारणार आणि मी मान खाली घालणार, त्यापेक्षा हे बरं.

मी पंडित तायडे. एसटीत एकतीस वर्षं चालक होतो, त्यातली एकोणीस धारणी ते अमरावती या मेळघाटातल्या रस्त्यावर. या एकतीस वर्षांत माझ्या गाडीने बकरीलासुद्धा धक्का दिला नाही. माझा पितळी बिल्ला अजून पाकिटात असतो. कमला, म्हणजे माझी बायको, म्हणते की अमेरिकेत तुमचा बिल्ला कोण पाहणार आहे? पाहायला कोणी नसलं तरी तो पाकिटातच असतो.

ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलीकडे आलो. जागृती डेन्व्हरशेजारच्या ऑरोरात राहते. जावई प्रफुल्ल, सात वर्षांची नात सिया आणि दारात एक करड्या रंगाची गाडी. नोव्हेंबर लागला तशी जागृती म्हणाली, "बाबा, शनिवारी विंटर टायर्स बसवायचे आहेत. अपॉइंटमेंट घेतलीय."

"कायले? आहेत ते काय वाईट आहेत?"

"इथे बर्फात लागतात म्हणतात सगळे."

सगळे म्हणतात, या गोष्टीवर माझा आयुष्यात कधी विश्वास बसला नाही. मी खाली गेलो. गुडघे टेकून चारही टायरांवरून तळहात फिरवला. नक्षी खोल होती, झीज चारही बाजूंनी सारखी होती, कुठे चीर नाही, फुगवटा नाही. जॅकच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला, हवा बरोबर होती. टायरच्या अंगावर इंग्रजी अक्षरं होती, ती सियाकडून वाचून घेतली.

"ऑल सीझन, आजोबा."

"म्हणजे काय, बेटा?"

"इट मीन्स ऑल द सीझन्स," ती म्हणाली आणि एवढंही कळत नाही का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

बारमाही! मग प्रश्नच मिटला. ऋतू तीन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. मेळघाटातला उन्हाळा मी पाहिलाय, डांबर चपलेला चिकटतं. पावसाळा पाहिलाय. आणि हिवाळ्याचं म्हणाल तर चिखलदऱ्याला पहाटे गवतावरचं दव गोठलेलंही पाहिलंय. तिन्ही ऋतूंत मी गाडी एकाच टायरवर चालवली. मी वर जाऊन सांगितलं, "टायर पास. अजून चाळीस हजार आरामात."

जागृतीने लगेच दुकानाला फोन लावला आणि अपॉइंटमेंट कॅन्सल केली. फोनवर ती काय बोलली ते मी मुद्दाम विचारून घेतलं. ती म्हणाली, "सांगितलं की माझे वडील ड्रायव्हर होते, त्यांनी चेक केलेत." माझी छाती फुगली. 'होते' हा शब्द थोडा बोचला, पण ते खरंच होतं. निवृत्त माणसाला दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर आठवड्याभरात तिची नोकरी गेली. सकाळी दहाला मीटिंग, साडेदहाला कॉम्प्युटर बंद. कंपनीने तिच्यासारख्या दोनशे जणांना घरी पाठवलं. इथला कायदा असा की जिच्या व्हिसावर घर उभं आहे तिची नोकरी गेली, की साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने तिच्या नावाने अर्ज टाकला तर ठीक, नाहीतर नवरा, मुलगी, भांडीकुंडी घेऊन परत. प्रफुल्लला त्याच्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही. सियाचा जन्म इथला, तिला मराठी कळतं पण बोलताना ती इंग्रजीत जाते. तिला कोणत्या शाळेत घालायचं, यावर नवराबायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलायचे आणि आम्ही म्हातारे ऐकू येत नसल्याचं सोंग घ्यायचो.

एकोणचाळीस दिवस गेले. एकवीस उरले. तेव्हा एका हॉस्पिटलातून बोलावणं आलं. पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम, जागृतीच्या हातचा मळ. तीन मुलाखती फोनवर झाल्या होत्या, चौथी समोरासमोर, गुरुवारी सकाळी दहाला. गाव ग्रँड जंक्शन. म्हणजे डोंगराच्या पलीकडे, अडीचशे मैल, मध्ये दोन मोठे घाट.

"प्रफुल्ल येईल ना सोबत?" मी विचारलं.

"सियाची शाळा आहे, बाबा. आणि आईला इथलं काही चालवता येत नाही. मी जाईन एकटी. चार तासांचा तर ड्राइव्ह आहे."

"घाटात एकटी जाणार नाहीस," मी म्हटलं. "मी बसतो शेजारी."

बुधवारी सकाळी अकराला निघालो. कमलाने पोळ्यांचा डबा दिला, प्रफुल्लने दोन ब्लँकेटं आणि एक फावडं टाकलं. "जय भीम, बाबा. तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," तो म्हणाला. बर्फ रात्री पडणार, असा अंदाज होता. तोवर आम्ही केव्हाच पलीकडे पोचलेले असणार होतो.

बर्फाने अंदाज वाचला नव्हता. तासाभरात चढ लागला आणि काचेवर बारीक दाणे आपटायला लागले. रस्ता आधी ओला होता, मग करडा झाला, मग गाड्यांच्या चाकांच्या दोन काळ्या पट्ट्या सोडून सगळा पांढरा. अकरा हजार फुटांवर एक बोगदा आहे, तो ओलांडून पलीकडे निघालो तेव्हा तर पट्ट्याही गेल्या. पुढे सात-आठ मैल नुसता उतार.

आता खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. टीव्हीचा रिमोटसुद्धा सिया चालवते. आणि इथे माझी पोरगी स्टिअरिंग घट्ट धरून म्हणत होती, "बाबा, आता काय करू?"

"ब्रेकवरचा पाय काढ. ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची."

"ऑटोमॅटिक आहे."

"मग त्यात खालचा गिअर काही तरी असेल ना?"

दांड्यावर एल लिहिलेली खूण होती. ती टाकली आणि इंजिनाने गाडी धरली. "पुढच्या ट्रकपासून लांब राहा. आणखी लांब. मधल्या जागेत कोणी घुसलं तर घुसू दे, आपण पुन्हा मागे सरकायचं. वळणावर काही करायचं नाही. जे करायचं ते वळणाच्या आधी. स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही."

ती तसंच करत गेली. बाजूने एक मोठी काळी जीप भरधाव गेली आणि मैलभर पुढे कठड्याला टेकून उभी दिसली. आम्ही तिच्याजवळून बैलगाडीच्या वेगाने गेलो. उतार संपेपर्यंत जागृतीने ब्रेकला तीन वेळाही पाय लावला नसेल. उतार संपल्यावर ती मोकळेपणाने हसली, गेल्या चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "घाट इकडून तिकडून सारखाच."

थोडं पुढे फ्रिस्को नावाचं लहान गाव लागतं. तिथे चहा घेऊ, पाय मोकळे करू आणि मग दुसरा घाट, असं ठरलं. हायवेवरून गावात उतरणारा फाटा घेतला. फाटा संपतो त्या चौकात लाल दिवा होता. गाडीचा वेग पंधरा मैल असेल नसेल, आमच्याकडची सायकलही याहून जोरात जाते. जागृतीने बरंच आधीपासून हळूच ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही.

ब्रेकखालून खडखड आवाज येत होता, चाकं धरत होती, सोडत होती, आणि गाडी आपली निवांत पुढे चाललेली. साबण लावलेल्या फरशीवरून पाट सरकावा तशी. थांबायची रेघ गेली. डावीकडून बर्फ ढकलणारा मोठा ट्रक येत होता, त्याच्या तोंडाला नारिंगी पातं. जागृती "बाबा" म्हणाली. मी नुसता समोरचा डॅशबोर्ड धरला. आम्ही चौकाच्या मध्यावर जाऊन उभे राहिलो. ट्रक थांबला. त्याचं पातं तिच्या दारापासून दोन हातांवर होतं.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला नाही. त्याने फक्त हात वर करून पुढे व्हायची खूण केली. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिने गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात नेली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "ठीक आहे. काही झालं नाही. थोडी स्लिप झाली. पुढे अजून हळू जाऊ."

मी उतरलो. पुढच्या टायरपाशी गुडघे टेकले, नोव्हेंबरात टेकले होते तसेच. तळहात फिरवला. नक्षी तीच होती, खोल, एकसारखी. मग हातमोजा काढून नक्षीच्या एका ठोकळ्यावर अंगठा दाबला. दबला नाही. रबर थंडीने लाकूड झालं होतं. शेजारी कोणाची तरी जुनी, गंजकी गाडी उभी होती. इकडेतिकडे पाहून मी तिच्या टायरवरही अंगठा दाबला. तो रुतला, शाळेतल्या खोडरबरात रुततो तसा. त्या टायरच्या अंगावर एक खूण कोरलेली होती. तीन शेंड्यांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचं फूल. मी आमच्या गाडीची चारही चाकं फिरून पाहिली. आमच्या टायरांवर डोंगर नव्हता.

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. माझे तीन ऋतू बरोबर होते, पण ते धारणीचे होते. इथे चौथा आहे आणि तो या टायरांच्या हिशेबातच नाही. उतारावर इंजिनाने गाडी धरली, रस्ता सरळ होता, नशीब चांगलं होतं. मी मात्र ती आपली हुशारी समजत होतो. पुढचा घाट याहून वळणाचा. तिथे चौक नसेल, दरी असेल.

आता इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल, कारण पुढचं बोलायला माझी जीभ का उचलेना ते त्याशिवाय समजायचं नाही.

जागृती बारावी झाली त्या वर्षीची गोष्ट. आम्ही तेव्हा धारणीला राहत होतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची पहिली फेरी अमरावतीला, सकाळी अकराला हजर राहायचं. ती माझ्याच पहाटेच्या गाडीत बसली, माझ्या मागच्या सीटवर, कागदांची फाइल छातीशी धरून. रात्रभर पाऊस झाला होता. सेमाडोहच्या अलीकडे नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं, गुडघ्याच्या थोडं खाली. मी गाडी थांबवली. प्रवासी म्हणाले, काढा हो तायडे, एवढ्याशा पाण्याला काय होतं? मी लॉगशीट काढलं आणि त्यावर शेरा मारला, फरशीवरून पाणी, फेरी रद्द. एसटीत चालकाने शेरा मारला की खुद्द आगार व्यवस्थापकही गाडी पुढे काढ म्हणत नाही. आमच्यामागून एक जीप आली. ती पाण्यातून पलीकडे गेली, काही झालं नाही तिला. जागृतीच्या वर्गातल्या दोन मुली त्या जीपमध्ये होत्या. तिने खिडकीतून पाहिलं.

माझी फेरी रद्द झाली आणि तिची फेरी हुकली. अमरावतीचं कॉलेज गेलं, दुसऱ्या फेरीत लांबचं मिळालं. ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनी कधीच काढला नाही. मी बरोबर होतो की नव्हतो, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जीप गेली होती ना.

आणि आता पुन्हा तेच. तशीच फाइल मागच्या सीटवर, तशीच वेळेची घाई. फरक इतकाच की त्या दिवशी चूक पाण्याची होती आणि आज माझी होती.

मी गाडीत बसलो. दार लावून घेतलं. "जागृती, या टायरवर गाडी पुढे जाणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हीच म्हणालात टायर चांगले आहेत."

"म्हणालो. चुकलो. बर्फाचं मला काही कळत नव्हतं आणि कळतं असं दाखवलं. तू बसवत होतीस ते बरोबर होतं, मी मोडता घातला."

"आता सांगताय हे?"

"आत्ता कळलं."

"एकवीस दिवस उरलेत, बाबा. ट्वेंटी वन." तिचा आवाज चढला. "उद्या दहाला मी तिथे नसेन तर ते दुसऱ्या कोणाला घेतील, मग मला इथे कोण विचारणार? सियाचं काय? तुम्हाला नेहमी असंच करायचं असतं. सगळे जातात, आपणच थांबायचं. त्या दिवशीही जीप गेली होती."

सतरा-अठरा वर्षांनी विषय निघाला तो असा, पेट्रोल पंपावर. मला राग आला नाही, खरं तर हलकं वाटलं.

"गेली होती," मी म्हटलं. "आणि तू माझ्यावर चिडलीस ते चूक नव्हतं. पण आज मघाशी तो ट्रकवाला थांबला म्हणून तू माझ्याशी भांडून राहिली. तो नसता थांबला तर?"

समोरच्या काचेवर बर्फ साचत होता. मी तिच्या फाइलमधून एक कोरा कागद घेतला, पेन घेतलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. गाडी क्रमांक. तारीख, ठिकाण फ्रिस्को. 'टायर बर्फास अयोग्य. पूर्वी चालकाने चुकून पास केले होते. फेरी रद्द.' खाली सही, पंडित तायडे, चालक, आणि बिल्ला नंबर. कागद तिच्या हातात दिला.

तिने तो वाचला. मला वाटलं फाडेल. तिने घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि डोळे पुसले.

"बरं," ती म्हणाली. "रद्द. पुढे काय? लॉगशीट लिहून झाल्यावर तुम्ही काय करायचात?"

"पर्यायी गाडी मागवायचो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माझ्या तोंडून शब्द निघाला तेव्हा मला माझीच लाज वाटली. एकतीस वर्षं एसटीत घालवलेल्या माणसाने मुलीला घाटापलीकडे नेताना एकदाही विचारलं नव्हतं, की तिकडे बस जाते का?

"इथे बस असते?" मी विचारलं.

तिने फोन काढला. बोटं भराभर चालायला लागली. तिचा जुना चेहरा परत आला होता, कामाला लागलेला. "आहे. डेन्व्हरहून ग्रँड जंक्शन. स्टेटची बस आहे, बाबा, राज्य सरकारची. फ्रिस्कोला थांबते. पावणेचारला. दोन सीट आहेत."

"राज्य परिवहन?"

"तेच समजा."

गावात टायरचं दुकान पंपापासून दोन चौकांवर होतं. तिथवर गाडी चालण्याच्या वेगाने नेली, मी फावडं घेऊन पुढे चालत होतो, लोक हसत असतील तर हसोत. दुकानात रांग होती. दुकानदार दाढीवाला गडी, हात तेलाने काळे. म्हणाला, डोंगराच्या खुणेचे टायर या मापात आहेत, पण उद्या दुपारपर्यंत बसणार नाहीत. जागृती म्हणाली, उद्या संध्याकाळी नेऊ. चारही बदला. त्याने विचारलं, पुढचे दोनच का नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. मी चार बोटं दाखवली. पुढची चाकं धरली आणि मागची सुटली तर गाडी गोल फिरते, हे समजायला बर्फ पाहावा लागत नाही. दाढीवाल्याने मान डोलावली.

बस थांब्यावर आधीच येऊन उभी होती, पण दार बंद; पावणेचार होऊन गेले तरी ते उघडेना. पन्नाशीची एक धिप्पाड चालकबाई खाली उभी राहून कॉफी पीत होती. मी मुलीला म्हटलं, तिला विचार, टायर पाहू का? जागृतीला ओशाळल्यासारखं झालं, पण तिने विचारलं. मी पाकिटातून बिल्ला काढून दाखवला आणि हाताने मोठं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. बाईला कळलं. तिने मला चाकापर्यंत नेलं. मी अंगठा दाबला, तो रुतला. तिने बसच्या पोटाखालच्या कप्प्यात ठेवलेल्या, बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या दाखवल्या.

"विचार, का निघाली नाही अजून?"

जागृतीने विचारलं आणि उत्तर ऐकून हसली. "त्या म्हणतात, बर्फ काढणारा ट्रक घाटात पुढे गेल्याशिवाय मी हलत नाही. कंट्रोल रूमचे दोन फोन आले, म्हणाल्या, येऊ दे."

मला एवढंच ऐकायचं होतं. टायर वगैरे ठीक, पण बाई थांबली होती. "चल," मी म्हटलं, "गाडी पास."

आम्ही तिच्या मागच्या सीटवर बसलो. वीस मिनिटांनी ती निघाली. तो घाट मी जन्मात विसरणार नाही. दोन्ही बाजूंना गाड्या रस्ता सोडून घसरलेल्या, एक ट्रक आडवा, एका गाडीतला माणूस खांद्यावर मूल घेऊन बर्फात उभा आणि पोलीस त्याला ब्लँकेट देत होते. जागृती सगळं खिडकीतून पाहत होती. तिने माझा हात धरला. आमच्यामागे घाट बंद केला, असं नंतर फोनवर आलं. मग ती झोपली. माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, लहानपणी झोपायची तशी. मी जागाच होतो. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. बाईने मात्र ब्रेक एकदाही वळणात मारला नाही.

नोकरी तिला मिळाली. हे इथेच सांगतो, नाहीतर तुमचा जीव तिथे अडकून राहायचा. कागद पाच दिवसांनी आला आणि मुदतीत अर्जही गेला. पण त्या गुरुवारी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मुलाखत संपवून ती बाहेर आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या दाराशी बाकावर बसलो होतो. कशी झाली, हे विचारायची माझी हिंमत होईना. तीच म्हणाली, "पहिला प्रश्न हाच होता की काल घाट बंद होता, तुम्ही पोचलात कशा?"

"मग?"

"मी खरं ते सांगितलं."

पुढे विचारलं नाही. परतीच्या बसला उशीर होता, तोवर कमलाच्या पोळ्या खाल्ल्या.

फ्रिस्कोला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि डोंगर डोळ्यांना सहन होत नव्हते, इतके पांढरे. गाडी दुकानाच्या दाराशी तयार होती. नवे टायर, काळेभोर, चारही अंगांवर डोंगराची खूण. दाढीवाल्याने किल्ली जागृतीपुढे धरली. तिने घेतली नाही. माझ्याकडे बोट दाखवून त्याच्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलली. दाढीवाला बाजूला झाला आणि मला वाट करून दिली.

मी गुडघे टेकले. एकेका टायरवर अंगठा दाबला. चारही जागी रुतला. मग उठून तिला म्हटलं, "ठीक आहेत."

"ठीक आहेत म्हणून चालणार नाही," ती म्हणाली. कोटाच्या खिशातून तिने तो कागद काढला, उलगडला आणि पेनासकट माझ्यापुढे धरला. "शेरा तुमचा आहे. तुम्ही मोकळा केल्याशिवाय गाडी निघत नाही. मला माहितीये नियम."

बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं. 'टायर बदलले. तपासले. गाडी मार्गावर सोडण्यास हरकत नाही.' सही केली. कागद तिला परत दिला.

ती गाडीत बसली, मी शेजारी. पट्टा लावता लावता मी विचारलं, "त्या दाढीवाल्याला काय म्हणालीस?"

"म्हटलं, आधी त्यांना बघू द्या." तिने एल खुणेचा दांडा एकदा हलवून पाहिला. "माझे वडील ड्रायव्हर आहेत."

आहेत, असं म्हणाली. मी खिडकीकडे तोंड केलं. तिने गाडी सुरू केली, रस्त्याच्या तोंडाशी आणून हळूच ब्रेक दाबून पाहिला, आणि गाडी जागच्या जागी थांबली.